पोत्यातलं बेसन आणि ताटातली पाटवडी

नमस्कार भाऊ,

तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय, "ऑनलाइन मेनूत पाटवडी रस्सा उपलब्ध दाखवतात, टेबलावर ऑर्डरही घेतात, ४० मिनिटं बसवून ठेवतात आणि मग सांगतात संपला. कॉम्प्युटर काय शोभेला ठेवला? वरून झुणक्यासोबत दिलेला रस्सा शिळा." शिळ्याचं शेवटी सांगते. बाकी सगळं खरं आहे. तुमचा केओटी, म्हणजे आत जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, १:१२ चा आहे आणि झुणका-भाकरीचा १:४९ चा, म्हणजे ३७ मिनिटं झाली. भुकेल्या माणसाला ३७ काय आणि ४० काय.

त्या दिवशी आत काय चाललं होतं ते सांगते. चूक स्वयंपाक करणाऱ्या मावशीची नाही, वाढणाऱ्या पोराचीही नाही. कॉम्प्युटरात रेसिपी मी भरल्या होत्या, त्यामुळे चूक माझीच आहे.

आमच्याकडे २ किलो बेसनाचा एक घाणा होतो. दुप्पट पाणी, मिरची-लसणाचं वाटण, भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर. शिजवून परातीत थापला, गार करून कापला की ३४ प्लेट निघतात. सॉफ्टवेअरात मी लिहून ठेवलं होतं की एक प्लेट विकली की ६० ग्रॅम बेसन कमी कर. हिशेबाला ते बरोबर दिसतं. महिनाअखेर किराणा किती लागला तेही कळतं. पण ताटात पडते ती वडी, आणि वडी नावाची वस्तू कॉम्प्युटरात कुठं नव्हतीच. कोठीत २२ किलो बेसन होतं, म्हणून तो बिचारा सांगत होता की अजून ३६६ प्लेट आहेत. ऑनलाइन मेनूतलं "उपलब्ध" त्याच आकड्यावर चालतं.

परातीत त्या वेळी एकही वडी नव्हती. साडेबाराला लग्नाच्या बस्त्याला निघालेली मंडळी थांबली आणि १८ प्लेट पार्सल घेऊन गेली. एक वाजेपर्यंत उरलेल्याही खपल्या. मावशी मला सांगायला काउंटरवर आली होती, मी फोनवर होते. नंतर विचारलं तर म्हणाली, "सपल्या म्हणून सांगाले आलती न बाई, तुमचं बोलनंच सरेना." तोवर पोरानं हिरवी खूण बघून तुमची ऑर्डर घेतली होती. मावशीनं घाईघाईत नवा घाणा टाकला. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं, सगळ्या गुठळ्या झाल्या. तसल्या वड्या ती कोणाच्या ताटात जाऊ देत नाही. सगळा घाणा गुरांच्या टोपल्यात गेला. या सगळ्यात तुमच्या टेबलाशी जाऊन "भाऊ, वेळ लागेल" एवढं म्हणायला एकही माणूस आला नाही. याची लाज वाटते.

गंमत पुढं आहे. फेकलेला तो २ किलोचा घाणा कॉम्प्युटराला आजही माहीत नाही. विक्री झाली नाही म्हणून बेसन कमी झालं नाही. त्या रात्री पोतं तोललं, २ किलो कमी भरलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

सॉफ्टवेअरात तयार मालाची वेगळी सोय आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सुरुवातीला वापरून पाहिली होती. घाणा झाला की नोंद करायची: कोठीतून बेसन, मिरची, तेल वजा, आणि "पाटवडी तयार" जमा. पण मी प्लेटच्या रेसिपीतलं बेसन काढायला विसरले. मग घाण्याला एकदा आणि विक्रीला एकदा, असं बेसन दोनदा कापलं जाऊ लागलं. आठवड्यात साठा उण्यात गेला. पोतं भरलेलं आणि पडद्यावर वजा ७ किलो! वैतागून ती सोयच बंद करून टाकली.

आता नीट लावलं आहे. प्लेटच्या रेसिपीत फक्त दोनच वस्तू: तयार पाटवडी १६० ग्रॅम, तयार रस्सा एक वाटी. बेसन फक्त घाण्याच्या रेसिपीत. घाणा थापला की परात तोलायची आणि जे वजन भरेल तेच लिहायचं, ठरलेलं नाही. पाणी कधी जास्त आटतं, कधी खरवड भांड्याला राहते. फेकला तर तोही लिहायचा. मावशीला लिहिता येत नाही. ती घाण्यागणिक भिंतीवर कोळशानं रेघ ओढते आणि फसलेल्या रेघेवर आडवी काट मारते. लाइन गेली तरी भिंत चालू असते. मी तासातासाला त्या रेघा चढवते. तयार वडी ५ प्लेटवर आली की ऑनलाइन मेनूत पाटवडी आपोआप बंद होते, आणि पोराला आधी आत विचारून मगच ऑर्डर घ्यायला सांगितलं आहे.

आता रस्सा. शिळा नव्हता, हे मी ठाम सांगते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण तेवढं आम्ही फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवतो, डब्यावर तारीख असते, दोन दिवसांवर ठेवत नाही. रस्सा रोजचा रोज होतो, रात्री उरला तर टाकतो. पण तुम्ही जे खाल्लं त्याची चव उतरलेली होती, हे मान्य. सकाळी नऊला केलेला रस्सा दीड-दोनपर्यंत मंद आचेवर राहिला की आटतो, खसखस तळाला धरते आणि जळकट वास येतो. तो तुम्हाला शिळा वाटला, यात तुमचा दोष नाही. आता एकच मोठं पातेलं न करता दोन करतो, दुसरं बाराच्या पुढं. कोठीत त्यांच्या नोंदीही वेगळ्या.

रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही, त्या दिवशीचा तो खराच आहे. झुणका-भाकरीचे पैसे आम्ही घ्यायला नको होते. या रस्त्यानं कधी आलात तर काउंटरवर १:४९ ची झुणका-भाकरी एवढंच सांगा, परत देते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. वांग्याच्या भरताचं अजून जमलेलं नाही. ५ किलो वांगी भाजून, सोलून कधी ३ किलो भरतात, कधी सव्वातीन, आणि कीड निघाली तर त्याहून कमी. तो आकडा बसेपर्यंत भरीत ऑनलाइन मेनूतून काढलं आहे. खायचं असेल तर आल्यावर थेट मावशीलाच विचारा.