‘पाच दिवसांत जेमतेम दोनशे किलोमीटर’: मोझेल खोऱ्याच्या प्लॅनवरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू ऑफिसात आम्ही सगळ्यांनी वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही स्पष्ट लिहिलीत. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्याचा सेल्फ-ड्राइव्ह प्लॅन पाच दिवसांचा, पण अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. दुपारी एकही वाइन टेस्टिंग नाही. गावं सगळी सारखीच. आणि शाकाहारी माणसाच्या खाण्याचे हाल. ‘वाइनच्या गावात जाऊन दुपारभर पाणी प्यायलो,’ असं तुम्ही लिहिलंय. हा रिव्ह्यू वाचून पुढचे लोक ठरवणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी टेस्टिंगचं, कारण सगळा प्लॅन त्याभोवतीच बांधलेला आहे. तुम्ही चौघं होतात आणि गाडी चालवणारे तुम्ही एकटेच. जर्मनीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे. आपल्याकडे ती १०० मिलीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.३ प्रति हजार, त्यामुळे तिथली थोडी सैल वाटते. पण गाडी नीट चालवता येत नाही असं दिसलं किंवा अपघात झाला, तर तिथे ०.३ लाही गुन्हा लागू शकतो, आणि भाड्याच्या गाडीचा विमा अशा वेळी हात वर करू शकतो. तुमचं म्हणणं असं की ‘काबिनेट’ या प्रकारची वाइन हलकी असते, जेमतेम ८ टक्क्यांची. गोडसर काबिनेटच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण त्याच टेबलावर ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी (गोड नसलेली) रीसलिंग, तिथल्या पांढऱ्या द्राक्षांची वाइनही ठेवतात, ती १२ टक्क्यांच्या आसपास जाते. सहा वाइन्स चाखल्या आणि प्रत्येकीची ५० मिली धरली, तरी एका बैठकीत ३०० मिली होते. टेबलावर थुंकायचं भांडं असतं, तज्ज्ञ ते वापरतात. पहिल्यांदा गेलेल्या आपल्या माणसाला, समोर खुद्द मळ्याचा मालक बसलेला असताना, तोंडातली वाइन थुंकायला फार संकोच वाटतो. तो गिळतोच. आणि त्यानंतर नदीकाठचा वळणांचा रस्ता, सायकलवाले, द्राक्षांचे ट्रॅक्टर.

म्हणून आमच्या प्लॅनमध्ये गाडी दुपारी चारच्या आत मुक्कामी लागते आणि टेस्टिंग संध्याकाळी, पायी जाता येईल अशाच घरी ठरवलेलं असतं. मुक्कामाची गावंही त्यासाठीच निवडली होती. बेर्नकास्टेलला काय, बाइलश्टाइनला काय, खोलीतून निघून चालत जायचं आणि चालतच परत यायचं. बाकी तिघांनी दुपारी प्यायची आणि चालवणाऱ्याने बघत बसायचं, असाही प्लॅन करता येतो. मी तो करत नाही. सहलीत सर्वांत जास्त कष्ट ज्याचे, त्यालाच वाइनपासून लांब ठेवायचं हे मला पटत नाही. दुपारी टेस्टिंग घालून द्या असं कोणी कितीही आग्रहाने सांगितलं, तरी सेल्फ-ड्राइव्हमध्ये ते मिळणार नाही.

आता अंतर. ट्रियर ते कोब्लेंझ, म्हणजे तुमच्या प्लॅनची दोन टोकं, ऑटोबानने (तिथल्या एक्सप्रेसवेने) साधारण १३० किलोमीटर आहे, म्हणजे पुणे-मुंबईपेक्षा कमी. दीड तासात पोचाल, पण मोझेल जवळपास दिसणारच नाही. नदीकाठाने तेच अंतर दोनशेच्या घरात जातं, कारण नदी सरळ वाहतच नाही. कोखेमजवळचं वळण घ्या. १८७९ साली रेल्वेने तिथे डोंगरातून ४,२०५ मीटरचा बोगदा काढला, आणि त्या बोगद्याने नदीचा वीस किलोमीटरहून मोठा फेरा वाचवला. तो वाचवलेला फेरा बघायलाच तर आपण तिथे जातो. तुमच्या चिरंजीवांना जो उंच पूल ओलांडायचा होता, तो २०१९ मध्ये सुरू झालेला होखमोझेल पूल. उंची १६० मीटरच्या आसपास, लांबी १.७ किलोमीटर. गाडीने तो मिनिटभरात संपतो आणि कठड्यापलीकडचं खोरं धड दिसतही नाही. खालच्या रस्त्यावरून, मळ्यांमधून त्याच्याकडे मान वर करून बघण्यात जी मजा आहे ती वरून जाण्यात नाही, म्हणून तुमचा रस्ता खालून नेला.

‘सगळी गावं सारखीच’ हे वाचून मात्र खरंच वाईट वाटलं. आम्ही दिलेल्या पुस्तिकेत एक गोष्ट ठळक छापली होती: मळे कोणत्या काठावर आहेत ते बघत चला. हे खोरं जवळपास ५० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे द्राक्षांसाठी थंड प्रदेशात. दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारावर ऊन चांगलं लागतं, तिथेच चांगले मळे. समोरच्या काठावर बऱ्याचदा रान. नदी वळली की मळे पलीकडे जातात, अजून एक वळण, की परत अलीकडे. जमिनीत पाटीच्या दगडाच्या चिपा असतात, त्या दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. ब्रेमजवळचा काल्मोंट तर ६५ अंशांपर्यंत चढा, जगातल्या सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांपैकी एक. अशा उतारावर तोडणी हातानेच करावी लागते. नारायणगाव-जुन्नरकडे आपण मांडवावर पसरलेला वेल बघतो. इथे जुन्या पद्धतीच्या मळ्यांत एकेका वेलाला स्वतंत्र खुंट, आणि त्याला बदामाच्या आकारात वाकवून बांधलेल्या काड्या. नॉयमागेनला वाइनची पिंपं वाहून नेणारी रोमन नाव दगडात कोरलेली सापडली, तिसऱ्या शतकातली. तिची मूळ शिल्पं ट्रियरच्या संग्रहालयात आहेत. तुमच्या पहिल्या दिवसात ते संग्रहालय होतं, आणि तुम्ही ते वगळून थेट खरेदीला गेल्याचं रिव्ह्यूतच लिहिलंय. सहल तुमची, निर्णय तुमचा. पण ती नाव पाहिली असती तर दुसऱ्या दिवशी नॉयमागेनला नुसतं ‘अजून एक गाव’ वाटलं नसतं.

ट्रॅक्टरमागे रखडलात, हे खरं आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा तोडणीचा काळ, आणि तुम्हीच तोडणी बघायची म्हणून त्या तारखा मागितल्या होत्या.

खाण्याबद्दल: शरद ऋतूत तिथे ‘फेडरवाइसर’ ही अर्धवट आंबलेली ताजी वाइन मिळते आणि तिच्यासोबत कांद्याचा केक. त्या केकमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस घातलेलं असतं, म्हणून ‘ओने श्पेक’ म्हणजे मांसाशिवाय, असं विचारा, हे पुस्तिकेत मराठी लिपीत लिहून दिलं होतं. नाही म्हणाले तर चीज, पाव, बटाटे मिळतात. रोज गरम पोळी-भाजी त्या गावांत मिळणार नाही. हे पैसे भरण्याआधीच आम्ही सांगतो आणि तुम्हालाही सांगितलं होतं. आणि फेडरवाइसरची बाटली गाडीत आडवी ठेवू नका असं का लिहिलं होतं, हे तुम्ही विचारलंय. ती बाटलीतही आंबतच असते, वायू बाहेर पडावा म्हणून तिचं झाकण घट्ट बसवत नाहीत. आडवी केली की सांडते.

तुम्हाला दुपारी वाइन आणि चारचौघांत निवांत बसणं हवं होतं, एवढं तुमच्या रिव्ह्यूवरून मला नक्की कळलं. त्याचा प्लॅन वेगळा होतो, त्यात गाडीच नसते. ट्रियर ते कोब्लेंझ रेल्वे आहे. बेर्नकास्टेलला रेल्वे जात नाही, तेवढ्यापुरती बस. कोखेम ते बाइलश्टाइन मात्र बोटीने जायचं, वाटेत लॉकमध्ये, म्हणजे नदीतल्या दरवाजे असलेल्या हौदात, पाण्याबरोबर बोट कशी वर चढते तेही दिसतं. बोटी हंगामातच चालतात, तेव्हा मे ते सप्टेंबरमधल्या तारखा धरा. हा प्लॅन मी तुम्हाला आमची फी न घेता करून देईन. पुन्हा जायचं ठरलं तर ऑफिसात या किंवा फोन करा, आणि सासूबाई सोबत असतील तर आधी सांगा, म्हणजे स्टेशनजवळच्या आणि कमी पायऱ्यांच्या खोल्या बघते.