चवथीपर्यंत विल हॅव

इंग्रजीत काळ बारा, असं आम्ही शिकवणीवाले पोरांना सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्यातले दहा माणसांसाठी आहेत. उरलेले दोन, म्हणजे पूर्ण भविष्यकाळ आणि चालू पूर्ण भविष्यकाळ, हे पेपर काढणाऱ्यांसाठी राखून ठेवलेत असा माझा जुना संशय आहे. फोंड्याला माझी शिकवणी आहे, आणि या दोन काळांचा धडा जवळ आला की मला कुणाच्या तरी मुंजीला परगावी जावंसं वाटतं.

रचना तशी अवघड नाही. 'विल हॅव' लिहायचं आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप ठेवायचं. 'आय विल हॅव फिनिश्ड.' कर्ता कुणीही असो, 'हॅव'चं 'हॅज' होत नाही, त्यामुळे पोरं खूश. घोळ अर्थाचा आहे. भविष्यातला एक मुक्काम ठरवायचा, मनाने तिथं जाऊन उभं राहायचं आणि मागे वळून बघायचं की काम उरकलंय का. मुक्काम 'बाय' लावून सांगायचा: बाय मंडे, बाय सिक्स ओक्लॉक. ज्या समाजात मुदत हा प्रकार मनावर घेतात, त्या समाजाचा हा काळ आहे. तो मी गोव्यात शिकवतो.

गाईडातली उदाहरणं दिल्लीकडे तयार होत असावीत. 'आम्ही स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असेल' हे वाक्य प्रत्येक गाईडात असतंच. आमच्याकडे पावसाळ्यात गाड्यांना वेगळं, सावकाश वेळापत्रक लागतं. वर्गातल्या पोरांना निघून गेलेली गाडी डोळ्यांसमोर आणताच येत नाही. वर 'बाय द टाइम'च्या पुढे 'विल' लावायचं नाही, साधा वर्तमानकाळ वापरायचा. 'बाय द टाइम यू विल कम' चूक, 'बाय द टाइम यू कम' बरोबर.

"पण सर, तो येणार उद्या ना? मग विल कशाला काढला?"

"पुढे एक विल आहे ना, तेवढं पुरे. साहेब तसंच बोलतो."

"कुठला साहेब?"

या प्रश्नाला व्याकरणात उत्तर नाही.

मग गाळलेल्या जागा. गाईडात प्रश्न होता: 'बाय नाइन ओक्लॉक द प्ले डॅश.' कंसात 'बिगिन'. अपेक्षित उत्तर 'विल हॅव बिगन'. एका पोराने ठळक अक्षरांत लिहिलं, 'विल नॉट हॅव बिगन.' हा पोरगा देवळाच्या वाड्यावरचा, जत्रेच्या नाटकात दर वर्षी पडदा ओढायला असतो. नाटक किती वाजता सुरू होतं हे त्याला गाईडपेक्षा जास्त कळतं. फलकावर 'रात्री ठीक ९ वाजता' लिहिलेलं असतं. नऊ वाजता पेटीवाला जेवायला बसलेला असतो. साडेनऊला राजाची मिशी सापडत नाही. दहाला पंचांचं आगमन, मग नारळ, शाल, देणगीदारांची यादी, यादीत राहून गेलेल्या देणगीदाराचा रुसवा आणि त्याच्या नावाची खास घोषणा. नांदीला बारा वाजतात. तोवर पोरं खाज्याच्या पुड्या संपवून आईच्या मांडीवर आडवी. पहाटे भरतवाक्य होतं तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तेवढ्या टक्क जाग्या असतात.

आता या उत्तराला गुण द्यायचे की नाही? रचना निर्दोष. 'नॉट' योग्य जागी, म्हणजे 'विल'च्या लगेच पुढे. वस्तुस्थिती तर गाईडाच्या बापाला माहीत नाही इतकी बिनचूक. मी पूर्ण गुण दिले. शाळेत मात्र त्याला शून्य मिळालं. तिथल्या बाईंची बदली बाहेरून झाली होती, त्यांनी जत्रा पाहिली नव्हती.

चालू पूर्ण भविष्यकाळ हा थोरला भाऊ. 'विल हॅव बीन'च्या पुढे 'आयएनजी', आणि शेवटी 'फॉर' लावून किती वर्षं ते सांगायचं. इथं मी एकदा इतिहासाचा आधार घेतला. फळ्यावर लिहिलं: समजा 1960 साली पणजीत एखादा पोर्तुगीज अंमलदार म्हणाला असता, 'बाय 2010 वुई विल हॅव बीन रूलिंग गोवा फॉर फाइव्ह हंड्रेड इयर्स.' आल्बुकर्कने गोवा घेतला 1510 साली, तेव्हा हिशेब बरोबर, काळ बरोबर, 'फॉर' बरोबर. व्याकरणात पैकीच्या पैकी. आणि 19 डिसेंबर 1961 ला खेळ खलास. भारतीय फौजेला दोनेक दिवस पुरले. हा काळ घडण्याची हमी देत नाही, बोलणाऱ्याच्या खात्रीचं प्रदर्शन मांडतो, एवढं मला सांगायचं होतं.

वर्गाला भलताच मुद्दा चावला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, फॉर फाइव्ह हंड्रेड चूक. फोंडा त्यांच्याकडे मागाहून गेला."

तेही खरं. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी, म्हणजे मागाहून जिंकलेले मुलूख, अठराव्या शतकातल्या. मग तिसवाडीच्या पोराने आपल्याला पाचशे वर्षं मान्य असल्याचं सांगितलं, पेडण्याची मुलगी म्हणाली की आमचा आकडा वेगळा येणार, आणि एका वाक्यात तालुक्यागणिक 'फॉर' लागायला लागला. घरी आजोबांना हे सांगितलं तर ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले, म्हणाले, "आमच्याकडे 'तेरैय फैतु' होतं, तेच हे." म्हणजे राज्यकर्ता कुठलाही येवो, हा काळ सामानात घेऊनच येतो.

कर्मणी प्रयोग मी घाईत उरकतो. 'द रोड विल हॅव बीन रिपेअर्ड' इथवर ठीक. पण चालू पूर्ण भविष्यकाळाचा कर्मणी 'विल हॅव बीन बीइंग डग' असा होतो. नियमात बसतो, पण कुणी वापरत नाही, असं सगळे वैयाकरणी सांगतात. आमच्या गल्लीतला रस्ता आधी पाण्यासाठी, मग केबलसाठी, मग कशासाठी ते आठवेपर्यंत पुन्हा पाण्यासाठी खणला गेला. हे रूप कुणासाठी तयार झालं, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं.

एक प्रकार मात्र पोरांना न शिकवता येतो. हा काळ नावाने भविष्याचा असला तरी साहेब तो चालू घडीच्या अंदाजालाही वापरतो. सकाळच्या बॅचला सात वाजता गल्लीच्या तोंडाशी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजतो. एक पोरगा वहीतून मान वर न करता म्हणाला, "सर, द पोदेर विल हॅव रीच्ड अवर हाऊस बाय नाव." दोन मिनिटांनी त्याच्या आईचा आवाज आला, "उंडे किते ताजे न्हय!" आमच्याकडे वेळेवर येणारा माणूस एकच, पोदेर. त्याच्या आधारावरच हा काळ थोडाफार टिकून आहे.

मोठ्यांची शिकवणी वेगळी. गेल्या वर्षी शेजारचा एक मुलगा बोटीवर जायच्या मुलाखतीसाठी माझ्याकडे बसला. स्वयंपाकघरातली नोकरी. मुलाखतीत हमखास विचारतात, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? याहून सुपीक जागा पूर्ण भविष्यकाळाला मिळायची नाही. मी वाक्य घोटून घेतलं: 'बाय देन आय विल हॅव बिकम अ हेड शेफ अँड विल हॅव बिल्ट अ न्यू हाऊस.'

त्याची आई दारात सुपारी कातरत होती. तिने अर्थ विचारला. मी सांगितला.

"झालेलं असेल? आतांच?" अडकित्ता थांबला. "मास्तर, देवाक खबर. देवाला विचारल्याशिवाय असं बोलायचं नाही."

मग कुळदेवतेकडे प्रसाद लावायचं, म्हणजे देवाचा कौल घ्यायचं ठरलं. भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. पाच वर्षांत घर बांधून झालेलं असेल का, या प्रश्नाला डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. आई घाबरली नाही. तिने प्रश्न साधा केला: पोर बोटीवर जाईल का? उजवी पडली. मुलाखतीत त्याने साधा भविष्यकाळ वापरला आणि निवड झाली. माझ्या फीच्या निम्मं श्रेय देवळात गेलं.

तो गेल्यावर जुन्या घराची दारं तरी बदलू म्हणून आईने मेस्ताला, म्हणजे सुताराला बोलावलं. मेस्ताने चौकटींची मापं पेन्सिलीने भिंतीवरच लिहिली, विडी शिलगावली आणि "चवथीपर्यंत सगळं बसलेलं असेल" असं अस्सल पूर्ण भविष्यकाळात सांगितलं. कुठली चवथ ते बोलला नाही. 'बाय'च्या पुढे साल लिहायचं असतं हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. चवथ आली, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, गणपती दाराऐवजी लावलेल्या चादरीखालून आत आणला.

परवा त्या मुलाचा बोटीवरून मेसेज आला: 'सर, बाय द टाइम यू रीड धिस, वुई विल हॅव लेफ्ट बार्सिलोना.' 'यू विल रीड' नाही, 'यू रीड'! बंदर आधीच मागे पडलेलं, 'लेफ्ट' तिसऱ्या रूपात, सगळं जागच्या जागी. मी तो मेसेज बॅचला फळ्यावर लिहून दाखवला. त्याखाली कोकणीत दुसरी ओळ होती, ती नाही दाखवली: 'मेस्त आयलो?'

मी उत्तर पाठवलं, 'फाल्यां येतलो.' उद्या येईल.