‘शेतात काय सापडणार?’ या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

सध्या एक मत सर्रास पुढे पाठवलं जातंय: शेतजमिनीवर प्रकल्प उभा राहणार असेल तर आधी पुरातत्त्वीय उत्खनन हवं कशाला? नांगराने सगळं केव्हाच उलथून टाकलंय. काही असेलच तर जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारवर दिसेल, नाहीतर जेसीबीला लागेल, तेव्हा काम थांबवू. उगाच प्रकल्प का रखडवायचा?

आधी नांगराचं पाहू. नेहमीची नांगरट साधारण २० ते ३० सेंटीमीटर खोल जाते. त्यात वरच्या थरातल्या जुन्या घरांच्या जमिनी आणि भिंतींचे पाये जातात, हे नुकसान खरंच आहे. पण खांबांचे खळगे, धान्याची पेवं, खंदक आणि दफनं त्याहून खोल खणलेली असतात. त्यांचा तळ नांगराखाली शाबूत राहतो. वर विखुरलेली खापरं पुष्कळदा तिथूनच आलेली असतात.

रडार उपयोगी आहे, पण ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. चुंबकीय सर्वेक्षणात (मातीच्या चुंबकत्वातले बारीक फरक मोजतात) भट्ट्या, चुली, भरलेले खंदक चांगले उमटतात. मात्र खाली बेसाल्ट असेल किंवा शेजारी तारेचं कुंपण असेल तर नकाशा गढूळ होतो. खणलेल्याच मातीने परत बुजवलेलं दफन तर बहुतेकदा दिसतच नाही. म्हणून नकाशा कोरा आला तरी काही चाचणी चर मुद्दाम त्या कोऱ्या भागात घ्यावे लागतात.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘जेसीबीला लागेलच’. जेसीबीला दगडी भिंत लागते. लाकडी घराचा खांब कुजल्यावर उरतो तो मातीचा गडद गोल डाग, आणि दातांची बकेट तो एका ओढीत फरफटून टाकते. चालक कितीही सावध असला तरी त्याला तो दिसणार नाही. त्यासाठी बिनदातांची रुंद बकेट लागते. एका वेळी ५ ते १० सेंटीमीटर माती काढायची, जाणकाराने समोर उभं राहून पाहायचं आणि यंत्राने मागे सरकत जायचं, म्हणजे उघडलेल्या पृष्ठावर त्याची चाकं येत नाहीत. मग थापीने साफसफाई. ऊन लागलं की डाग फिके पडतात, म्हणून पाण्याचा फवारा मारतात आणि एका दमात फार मोठं क्षेत्र उघडत नाहीत. खळगा आधी अर्धाच खणायचा, उभ्या छेदाचा फोटो घ्यायचा, १:१० प्रमाणात चित्र काढायचं, मगच उरलेला अर्धा. कोणत्या खड्ड्याने कोणता कापला, म्हणजे आधीचा कोणता, हे या छेदातच कळतं. पेवातली माती, साधारण ४० लिटर, पाण्यात तरंगवून बारीक चाळणीवर घेतली की जळके दाणे हाती येतात. रेडिओकार्बन पद्धतीने वय काढायला हे दाणे कोळशापेक्षा बरे, कारण जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा वय फसवं जास्त दाखवतो. राडारोड्याच्या ढिगातून यातलं काहीही परत मिळवता येत नाही.

राहिला विलंब. चाचणीसाठी साधारण २ ते ५ टक्के क्षेत्र उघडतात. ३० बाय २ मीटरचा चर धरला तर हेक्टरी तीन ते आठ चर. ते आराखडा पक्का होण्याआधी घेतले तर इमारत किंवा कामाचा तात्पुरता रस्ता हलवता येतो (हो, त्या रस्त्यासाठी आणि साहित्याच्या आवारासाठी माती खरवडतात तेव्हाही नुकसान होतंच, नुसत्या इमारतीच्या पायाचा हिशेब पुरत नाही). नागार्जुनकोंडा हे आंध्रातलं प्राचीन बौद्ध स्थळ नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं; त्याचं उत्खनन १९५४ ते १९६० चाललं आणि धरणाची पायाभरणी १९५५ची. दोन्ही कामं बरोबरीने झाली. काम खरं अडतं ते ठेके दिल्यावर, यंत्रं उभी असताना काही निघालं तर.

करारात उत्खननानंतरचा खर्चही आधीच धरायला हवा: खापरं धुणं, क्रमांक घालणं, नमुने तपासणं, अहवाल लिहिणं. तो नसेल तर जागा खणून संपते आणि नोंदी खोक्यात पडून राहतात.