‘२८ आजारांवर सिद्ध’: फिरत्या मेसेजला उत्तर

दादर-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘जागतिक आरोग्य संघटनेने २८ आजारांवर अ‍ॅक्युपंक्चर सिद्ध मानलंय, शेकडो चाचण्या झाल्यात, महाराष्ट्रात कायदाही आहे. डेटा मागतात ते फक्त विरोधक.’ लोकलच्या गर्दीत खांदे-कंबर धरलेली माणसं हे वाचून पैसे मोजतात, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे शरीरातल्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा उपचार. २८ हा आकडा खरा आहे. तो संघटनेच्या २००३ च्या अहवालातला, पण त्यात तपासलेल्या चाचण्या साधारण १९९९ च्या सुरुवातीपर्यंतच्या. यादीत कंबरदुखीच्या पंक्तीला उच्च रक्तदाब आणि जिवाणूजन्य आमांशही बसलाय! १९९८ मध्ये झालेल्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या यशस्वी निघाल्या होत्या. कुठलाही उपचार दरवेळी जिंकत नसतो. अपयशी चाचण्या छापल्याच जात नसाव्यात, ही शंका तिथेच येते.

आता ‘शेकडो चाचण्या’. चाचणीत नेमकं काय लिहायचं याची ‘स्ट्रिक्टा’ नावाची नियमावली आहे, २०१० मध्ये सुधारलेली. कोणते बिंदू, किती सुया, किती खोल, किती वेळ, टोचणाऱ्याचं प्रशिक्षण काय, तुलनेच्या गटाला काय दिलं, हे सगळं त्यात मागितलंय. निबंधात नुसतं ‘ठरावीक बिंदूंवर सुया टोचल्या’ एवढंच असेल, तर मुलुंडच्या थेरपिस्टने तो उपचार करायचा कसा? आणि समजा ६० रुग्ण घेतले आणि तक्त्यात ४८ च दिसले, तर उरलेले १२ कुठे गेले? गुण येईना म्हणून सोडून गेले असतील, तर सगळा निकालच फिरतो.

नीट मांडलेली चाचणी कशी असते, ते जर्मनीत दिसतं. २००७ मध्ये कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचा निकाल आला. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना गुण आला, नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. मेसेजवाले इथेच थांबतील. पण भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेला तिसरा गटही होता, त्यात ४४.२ टक्के! म्हणजे रुग्णांना बरं वाटलं हे खरं, पण नेमक्या बिंदूंचा त्यातला वाटा फार थोडा. तिसरा आकडा छापला नसता, तर हे कळलंच नसतं.

मेसेजमधल्या कायद्याचं म्हणाल, तर त्याने व्यवसायाची नोंदणी आणि शिक्षण यांना शिस्त लागते, उपचाराचा गुण ठरत नाही.

राहिला ‘विरोधकां’चा आरोप. २०१२ मध्ये संशोधकांनी २९ चाचण्यांमधल्या १७,९२२ रुग्णांचा मूळ डेटा एकत्र करून तपासला. जुनाट दुखण्यांत खरं अ‍ॅक्युपंक्चर खोट्यापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी नुसता देखावा केलेल्यापेक्षा, सरस ठरलं, फरक मात्र लहान होता. अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूचा हा भक्कम पुरावा मूळ डेटा तपासल्यामुळेच मिळालाय.

भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या वेबसाइटवर फुकट बघता येते, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी सक्तीची आहे. मेसेज पाठवणाऱ्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा, आणि आधी काय मोजायचं ठरवलं होतं ते छापलेल्या निकालाशी ताडून बघा.