गड्डी संपली म्हणजे हरलो, असं नाही

पोकेमॉनच्या पत्त्यांवरच्या या लेखात ‘गड्डी संपली की खेळाडू हरतो’ असं लिहिलंय. हे अर्धवट आहे, आणि कोथरूडला आमच्या घरी दर रविवारी यावरूनच वाद पेटतो. आपल्या पाळीच्या सुरुवातीला पत्ता ओढता आला नाही, तर हार. पाळी चालू असताना गड्डी संपली तर खेळ चालूच राहतो.

परवा भाच्याचं एकच प्राइज कार्ड (समोरचा पोकेमॉन बाद केला की उचलायचा पत्ता; आपले सगळे उचलले की जिंकलो) उरलं होतं, गड्डीत मोजून 7 पत्ते. त्यानं ‘प्रोफेसर्स रिसर्च’ (हात फेकून 7 नवे पत्ते ओढायचं कार्ड) टाकलं, हातातलं सगळं फेकलं आणि सातही ओढले. हल्ल्यासाठी हवं ते एनर्जी कार्ड आलं, हल्ला झाला, शेवटचं प्राइज उचललं. समोरचा मित्र रडवेला होऊन म्हणत राहिला, ‘तुझी गड्डी संपली, तू आउट!’ शेवटी नियमपुस्तिका काढून दाखवली, तेव्हा कुठे शांत झाला.

हेच कार्ड दुसऱ्या पाळीत बेधडक टाकणं मात्र मला अजिबात पटत नाही. 60 पत्त्यांच्या गड्डीत, साध्या (बेसिक) एनर्जी सोडल्या तर, एका नावाचे फार तर 4. त्यातले दोन असे फेकून दिले तर पुढे पोकेमॉनची उत्क्रांती (त्याच्यावर पुढच्या रूपाचा पत्ता ठेवणं) कशाच्या जोरावर करणार?

लेखातलं ते वाक्य कृपया दुरुस्त करा. मुलं ते वाचून खेळतात.