जातो नव्हे, येतो

मराठी माणूस कुणाकडून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. म्हटल्यावर लगेच निघतो असंही नाही. चप्पल पायात, पिशवी हातात, आणि गप्पा जिन्यापाशी आणखी अर्धा तास. याला कुणी धरसोड म्हणत नाही. अमेरिकन फुटबॉलपटू ब्रेट फार्वने निवृत्तीच्या बाबतीत हेच तीन वर्षं केलं, तर सगळ्या अमेरिकेने त्याची टर उडवली. इंग्रजीत "येतो"ची सोय नाही, एवढाच त्याचा गुन्हा. बाकी ज्याच्या आडनावात 'व्ह' आधी आणि 'र' नंतर लिहितात आणि वाचताना उलटं वाचतात, त्याच्याकडे पक्का निर्णय मागायला जाणाऱ्यांचंच मला नवल वाटतं.

मी त्याचं वकीलपत्र घेतलंय, पण फक्त निवृत्तीपुरतं. मैदानाबाहेरच्या त्याच्या भानगडींसाठी त्याने दुसरा वकील पाहावा.

हा फुटबॉल अमेरिकन, म्हणजे पायाचा संबंध जेमतेम नावापुरता. चेंडू लांबट, हाताने फेकायचा, आणि फेकणारा तो क्वार्टरबॅक. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात, त्यामुळे विचाराला तीनेक सेकंद मिळतात. आपल्या माणसाने झेलून शेवटची रेषा गाठली तर टचडाउन, समोरच्याने मध्येच झेलला तर इंटरसेप्शन. फार्वच्या नावावर ५०८ टचडाउन आहेत आणि ३३६ इंटरसेप्शन. म्हणजे तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा या माणसाचा दांडगा अनुभव, आणि त्याचे परिणामही त्याला ठाऊक. मग आयुष्याच्या निर्णयाला त्याने सहा महिने घेतले तर बिघडलं कुठे?

खरी गोम कॅलेंडरात आहे. त्या काळी हंगाम सप्टेंबरात सुरू व्हायचा आणि १७ आठवड्यांत १६ सामने व्हायचे. जानेवारीत बाद फेरी. मार्चमध्ये करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंची खरेदी, एप्रिलअखेर ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या पोरांची निवड. नवा क्वार्टरबॅक शोधायचा की नाही हे संघाला त्याआधी कळायला हवं, म्हणून म्हाताऱ्या खेळाडूला विचारणा होते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. नेमकं तेव्हा त्याचं अंग ठणकत असतं. घोटा सुजलेला, खांदा वर जात नाही, सकाळी पलंगावरून उतरायचं तर आधी मनाची तयारी. भाऊबीजेला फराळ हाणून आडव्या झालेल्या माणसाला "पुढच्या वर्षी चकली करायची ना?" असं विचारण्यातला हा प्रकार. तो नकोच म्हणणार, आणि मनापासून म्हणणार.

मग एप्रिल जातो, मे जातो. सूज उतरते. जुलैत मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गच्या ओक ग्रोव्ह हायस्कूलच्या मैदानावर हा बाबा शाळकरी पोरांबरोबर चेंडू फेकायला लागतो आणि लक्षात येतं की हात चालतोय. जुलैअखेर संघाचा हंगामाआधीचा सराव-कॅम्प सुरू होणार असतो. फेब्रुवारीतला नकार खरा होता, ऑगस्टमधला होकारही खराच. शरीरं दोन, सही एकाची.

२००८च्या मार्चमध्ये ग्रीन बे पॅकर्स या आपल्या संघाच्या पत्रकार परिषदेत तो रडला. खेळू शकतो, पण खेळावंसं वाटत नाही, असा एकूण सूर होता. अहो, पहिलं अर्धं वाक्य ऐका ना! सगळ्यांनी दुसरंच ऐकलं. पॅकर्सने त्याचा ४ नंबर निवृत्त करायचा, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचाच नाही, असा बेतही आखला. आता इथे एक तांत्रिक बाब आहे. निवृत्त झालं म्हणून करार संपत नाही. खेळाडू राखीव यादीत जातो आणि त्याच्यावरचा हक्क जुन्याच संघाकडे राहतो. परत यायचं तर लीगच्या कमिशनरकडे अर्ज करायचा. तो मंजूर झाला की संघाने एकतर त्याला घ्यायचं, नाहीतर विकायचं किंवा सोडायचं. फार्वने जुलैत अर्ज केला. पॅकर्सकडे तोवर तीन वर्षं बाकावर बसलेला ॲरन रॉजर्स तयार होता. त्यांनी फार्वला ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं. नंबराचा समारंभ बारगळला.

जेट्सचे पहिल्या ११ सामन्यांत ८ विजय झाले, मग दंडाचा स्नायू दगा देऊ लागला आणि संघ ९ विजय, ७ पराभवांवर थांबला. फेब्रुवारी २००९, पुन्हा निवृत्ती. (महिना बघा.) जुलैअखेर त्याने मिनेसोटा व्हायकिंग्जला कळवलं की येत नाही. १८ ऑगस्टला तो आला. खुद्द मुख्य प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस गाडी घेऊन विमानतळावर हजर, आणि डोक्यावर बातम्यांची हेलिकॉप्टरं. आपल्याकडे जावयालाही इतकं मिळत नाही.

विरोधकांचा लाडका मुद्दा असा की हा सगळा घोळ उन्हातला कॅम्प चुकवण्यासाठी होता. व्हायकिंग्जचा मॅनकेटोतला कॅम्प आटोपल्यावरच तो उगवला, हे खरं. लग्नघरी मांडव, भाजी चिरणं, खुर्च्या मांडणं सगळं उरकल्यावर बरोब्बर पंगतीला टेकणारे एक काका असतात, तसा. पण काकांना वाढपी ओळखीचा होता. आक्रमणाचे डावपेच आखणारा डॅरेल बेव्हेल पूर्वी ग्रीन बेमध्ये फार्वच्याच हाताशी प्रशिक्षक होता आणि डावांची भाषा दोघांची एकच. नव्या पोराला पाठ करायला कॅम्प लागतो, याला फक्त उजळणी हवी होती. निकाल: ३३ टचडाउन, फक्त ७ इंटरसेप्शन, संघ १२-४, आणि पॅकर्सला दोन्ही वेळा हरवलं. ऑक्टोबरात त्याला चाळीस पूर्ण झाली होती. फेब्रुवारीतला शब्द त्याने पाळला असता तर हे वर्ष कुणाच्या खात्यावर मांडलं असतं?

जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सला २८-२८ अशी बरोबरी होती. शेवटची काही सेकंदं, अंतिम फेरी हाताशी. त्याने धावता धावता अंगाच्या उलट्या बाजूला चेंडू फेकला आणि समोरच्या संघातल्या ट्रेसी पोर्टरने तो अलगद घेतला. दुखऱ्या घोट्याने चार पावलं धावला असता तरी चाललं असतं. इथे वकील खाली बसतो.

२०१०ची बाजूही लंगडी आहे, ते मान्य. पण त्या वर्षी तीन सहकारी विमानाने मिसिसिपीला जाऊन त्याला घेऊन आले, पगारही वाढला. आग्रह करकरून वाढायचं आणि मग अजीर्ण झालं म्हणून पाहुण्याला बोल लावायचा, हा कुठला न्याय? ११ टचडाउन, १९ इंटरसेप्शन. सप्टेंबर १९९२ पासून न चुकता सुरू असलेली सलग २९७ सामन्यांची रांग डिसेंबरात तुटली, आणि आठवड्याभराने गोठलेल्या मैदानावर डोकं आपटून तो शेवटचा पडला. जानेवारीत निवृत्तीचे कागद गेले. ऑगस्ट आला, तो आला नाही.

जुलै २०१५ मध्ये मात्र तो ग्रीन बेला आला. ४ नंबर अखेर निवृत्त झाला. त्या नंबराने अजून एकदाही विचार बदललेला नाही.