व्हॉल्व्ह अर्धा फिरवा आणि निर्धास्त राहा

आपण बहुमजली गृहनिर्माण संस्थेचे सचिव असाल आणि अग्निशमनाच्या पाइपात खालच्या मजल्यांवर दाब फार येतो, अशी तक्रार असेल, तर दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे मांडून अपमान ओढवून घेऊ नये. पंपरूममध्ये बटरफ्लाय व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपात फिरणाऱ्या तबकडीने पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, आहेच. प्लंबरकडून चाक फिरवून तो अर्धा बंद करून घ्यावा. हा व्हॉल्व्ह येथे पाणी अडवण्यासाठी असतो, एरवी तो पूर्ण उघडा हवा, अर्धवट उघड्या तबकडीवर वेगाचे पाणी आदळले की ती थरथरते आणि ती जिच्यावर टेकते ती सीट झिजते, असे जाणकार सांगतील. त्यांना मेंटेनन्स भरावा लागत नाही.

या योजनेची खरी गंमत प्रेशर गेजमध्ये आहे. पाणी वाहत नसते तेव्हा व्हॉल्व्ह कितीही आवळला, तरी पूर्ण बंद होईपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच राहतो. म्हणजे ज्या जादा दाबासाठी हा खटाटोप केला, तो तसाच राहतो, काटा जागचा हलत नाही आणि पाहणाऱ्याला सारे आलबेल दिसते. दाब पडतो तो होजमधून पाणी सुटल्यावर, म्हणजे नेमका आगीच्या वेळी. शिवाय दर 10 मीटर उंचीला सुमारे 1 बार दाब खर्ची पडत असल्याने, उरलेल्या टंचाईचा पहिला मान आपोआप सर्वांत वरच्या मजल्याला मिळतो; तिथल्या सदनिका महाग असतात, तेव्हा यात अन्याय नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाही, हे सांगणारा टॅम्पर स्विच असेल, तर अलार्मचे पॅनेल रात्रभर कोकलत राहते. वॉचमनच्या झोपेखातर त्याची वायर काढावी. गिअरबॉक्सवरचा उघड-बंद दाखवणारा बाण दिवाळीच्या रंगकामात ऑइलपेंटखाली जाऊ द्यावा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. तपासणीच्या दिवशी हायड्रंट, म्हणजे होज जोडायचा नळ, तळमजल्यावरचाच उघडावा, फवारा जोरात दिसतो. एजन्सीने गच्चीजवळचा उघडायचे म्हटलेच, तर लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जाईल, अशी रास्त भीती व्यक्त करून तिला चहाला बसवावे. चाकाचे किती फेरे फिरवले, हे मात्र कोठेही लिहून ठेवू नये. पुढच्या कमिटीला चौकशीसाठी काही तरी उरले पाहिजे.